एक टोपण जास्त

आपली बायको रंभा गेल्याचं मारोतराव कापगते यांना कळलं, तेव्हा ते सुपेल्याच्या प्रदूषण तपासणी केंद्रावर उभे होते आणि स्कूटर चालू होती.

केंद्र म्हणजे पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातली पत्र्याची टपरी. आत एक कॉम्प्युटर, एक मशीन आणि मशीनमधून निघालेली लांब नळी. नळी गाडीच्या सायलेन्सरमध्ये खुपसायची आणि गाडी चालू ठेवायची, मग कॉम्प्युटरवर आकडे येतात. आम्रपाली नावाची मुलगी हे काम करायची. तिने नळी घातली, आकडा पाहिला आणि म्हणाली, "काका, फेल."

"फेल म्हंजे?"

"धूर बहुत मारून राहिली. सर्टिफिकेट नाई निघत."

मारोतरावांना हसू आलं. ही स्कूटर फेल झाल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. "बेटा, तुही मशीन एकदा झटकून पाह्य," ते म्हणाले, "माही गाडी कशी आहे ते मले माहीत आहे."

तेवढ्यात फोन वाजला. पंचफुलाचा होता. पंचफुला म्हणजे रंभाची धाकटी बहीण. राहायला आमगावला. तिच्या मुलीचं लग्न निघालं होतं, आणि पापड-कुरडयांना हात हवेत म्हणून रंभा आठवडाभर आधीच तिकडे गेली होती. ती इथे असती तर मारोतराव या टपरीवर आलेच नसते. स्कूटरचं पोल्यूशन हे काम कायम रंभाच करायची.

"भाऊजी, तुमी कुठी आहा?"

"सुपेल्यात. गाडीचं पोल्यूशन करून राहिलो. कावून?"

पुढचं काही ऐकू आलं नाही. स्कूटर फटफटत होती. "काय? जोरानं बोल," मारोतराव ओरडले. पंचफुला जोरात बोलली, पण ती रडत होती, त्यामुळे शब्द एकमेकांत गेले. "काय म्हणतेस?" त्यांनी पुन्हा विचारलं. आम्रपालीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात लांबवून स्कूटरची चावी फिरवली. इंजिन बंद झालं.

"बाई गेली, भाऊजी," फोनमधून स्पष्ट आलं. "चहा पिऊन अंगणात बसली होती. बसल्या बसल्याच गेली."

मारोतरावांनी फोन खिशात ठेवला. सायलेन्सरमधली नळी त्यांनी स्वतः काढली आणि नीट गुंडाळून आम्रपालीच्या हातात दिली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग ते रस्त्याला लागले. ऑटोत बसून दुर्ग स्टेशनच्या वाटेवर असताना त्यांनी मुलाला, प्रफुल्लला फोन केला. स्कूटर तिथेच राहिली.

तेरवी आटोपून ते परत आले. स्कूटर टपरीच्या मागे सावलीत लावलेली होती आणि तिच्यावर एका जुन्या सेलचं फ्लेक्स टाकलेलं होतं. चावी आम्रपालीकडे होती. तिने चावी दिली, काही बोलली नाही. मारोतरावांना ते बरं वाटलं. तेरा दिवस जो तो काहीतरी बोलतच होता.

स्कूटर रंभाच्या नावावर होती. घेतली तेव्हाच तिने सांगून टाकलं होतं, "घर तुमच्या नावानं, स्कूटर माह्या नावानं." चालवायचीही तीच. मारोतराव रिटायर होईपर्यंत स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये ऑइलमन होते. मोठमोठ्या बेअरिंगांना तेल देणं हीच त्यांची नोकरी, पण सुपेल्याच्या गर्दीत स्कूटर घालायची त्यांची छाती होत नसे. रविवारच्या बाजाराला रंभा पुढे आणि मारोतराव मागे, मांडीवर रिकामी थैली घेऊन, असे दोघं जायचे. मिलमधले दोस्त चिडवायचे, "काय कापगते, डायवर बदलला नाई अजून?" मारोतराव म्हणायचे, "डायवर ती, तेल माहं."

ते तेल खरंच त्यांचं होतं. जुनी टू-स्ट्रोक स्कूटर. तिला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं. रंभाने त्या कामाला कधी हात लावला नाही. मारोतराव टोपणाने मोजून तेल टाकायचे आणि माप पुरं झालं की वरून आणखी एक टोपण. मिलमध्ये त्यांच्या उस्तादाने त्यांना असंच शिकवलं होतं. तिथल्या आगीत तेल उडून जातं, तेव्हा मापापेक्षा थोडं वरच टाकायचं. तेल कमी पडून बेअरिंग जाम झालं तर सगळी मिल उभी राहते आणि साहेब लोक ऑइलमनच्या नावाने ओरडतात. मारोतरावांच्या शिफ्टमध्ये एकही बेअरिंग जाम झालं नाही. स्कूटरही कधी रस्त्यात बंद पडली नाही. दर वेळी रंभा तपासणी करून घरी यायची, हेल्मेट खुंटीला लावायची आणि म्हणायची, "झाली पास. तुमच्या हातची गाडी आहे, पास न होऊन जाते कुठी?"

स्कूटरच्या नोंदणीची मुदत महिनाअखेर संपत होती. प्रफुल्ल प्लांटमध्येच क्लार्क आहे, कागदपत्रांचं त्याला कळतं. त्याने सगळं समजावून सांगितलं. आधी प्रदूषणाचं सर्टिफिकेट. मग आईच्या नावावरून गाडी बाबांच्या नावावर करायची. मग दुर्गला आरटीओत नेऊन नोंदणी वाढवून आणायची. यातलं एक जरी राहिलं तरी गाडी रस्त्यावर आणता येणार नाही.

"पण बाबा, मी म्हणतो, कशाले करता हे सगळं?" प्रफुल्ल म्हणाला. "भंगारवाला घरी येऊन नेते. तुमी तं चालवत बी नाई."

"चालवीन."

"या वयात?"

"तुही आई कोणत्या वयात चालवत होती? माह्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान होती."

प्रफुल्लने पिशवीतून कागद काढला. "मंग यावर सही करा. नाव बदलाचा अर्ज आहे. आईच्या मृत्यूचा दाखला मी जोडला आहे. फक्त तुमची सही पाह्यजे."

मारोतरावांनी कागद पाहिला. मूळ मालक या शब्दांपुढे रंभाचं नाव होतं, आणि त्याच्यापुढे कंसात 'मृत' असं प्रफुल्लने निळ्या शाईने लिहिलं होतं.

"पयले पास तं होऊ दे," ते म्हणाले. "पास नाई झाली तं नाव बदलून काय करू?"

ते बरोबरच होतं. प्रफुल्लने कागद कपाटात ठेवला. मारोतराव बाहेर येऊन स्कूटरजवळ उकिडवे बसले. एवढी एकच वस्तू होती जी रंभाची म्हणून सरकारदरबारी लिहिलेली होती. साड्या पंचफुलाने वाटून टाकल्या होत्या. भांडी सुनेच्या हातात गेली होती आणि सुनेने ती आपल्या पद्धतीने लावली होती, त्यात तिची काही चूक नव्हती. स्कूटर मात्र रस्त्यावर राहिली पाहिजे, असं त्यांनी मनाशी घट्ट धरलं.

गाडी इतके दिवस उभी होती, आतून कोरडी पडली असणार, असा त्यांनी विचार केला. कोरडं लोखंड लोखंडावर घासलं की धूर निघतोच. त्यांनी टंकीत पेट्रोल भरलं, मापाचं तेल टाकलं, वरचं टोपण टाकलं, आणि मग आणखी एक टाकलं. स्कूटर मरोद्याच्या घरून सुपेल्यापर्यंत हळू चालवत नेली. घाबरत चालवली, पण नेली. मागून एका मोटरसायकलवाल्याने पुढे होत त्यांना शिवी घातली आणि नाकावर रुमाल धरून दाखवला. मारोतरावांना वाटलं, हळू चालवतो म्हणून चिडला असेल.

आम्रपालीने नळी घातली. आकडा पाहून तिने नळी काढली आणि परत घातली.

"बोल ना बेटा."

"काका, हे तं पयल्यापेक्षाही वाढलं."

"मशीन खराब आहे तुही."

"आता तुमच्यासमोर तीन गाड्या पास केल्या ना मी."

"त्या नव्या होत्या. जुन्या गाडीले तुही मशीन वळखत नाई."

"काका, मशीनले काय नातं लावाचं आहे? धूर आहे तं धूर आहे." ती हसली, आणि मग हसल्याचं तिला वाईट वाटलं. थोडं थांबून म्हणाली, "काकू आणत तं कधी फेल नाई झाली. त्या सकाळी सकाळी हिरालालकडून यायच्या. तुमी हिरालालकडे दाखवा ना एकदा."

"कोण हिरालाल?"

आम्रपालीने बोटाने रस्त्यापलीकडे दाखवलं. पुलाच्या कडेला स्कूटर-मोटरसायकलच्या दुरुस्तीची दुकानं ओळीने होती. मारोतरावांनी हे नाव कधी ऐकलं नव्हतं. रंभाच्या तोंडून तर नाहीच.

हिरालालचं दुकान म्हणजे वर ताडपत्री आणि खाली तेलाने काळी झालेली जमीन. तो स्कूटर पाहूनच उठला. स्कूटरला आधी ओळखलं, माणसाला नंतर.

"आवव कका, बइठव," तो म्हणाला. त्याने स्टूल फडक्याने पुसून पुढे केलं. "काकी के बारे में आम्रपाली ने बताया. बहुत बुरा लगा."

"तू रंभेले कसा वळखतो?"

"काकी को? काकी तो हर बार पोल्यूशन से पहले इधरिच आती थी."

"कशाले?"

हिरालाल थोडा घोटाळला. त्याने पाना उचलला, परत ठेवला. मग टंकीचं झाकण उघडून वास घेतला आणि मान हलवली. "इसी के लिए. टंकी खाली करवाती थी, पूरी. वो तेलवाला पेट्रोल मेरे को दे देती थी, पुर्जा धोने के काम आता है. फिर नया पेट्रोल, नाप का तेल. सायलेन्सर खोल के आग में जलवाती थी, जमा हुआ कार्बन साफ. तब जाती थी सर्टिफिकेट बनवाने."

"हे सगळं कावून?"

"आप तेल जियादा डालते हो, कका."

मारोतराव स्टुलावरून उठले. "मी तीस वर्षं तेल टाकलं आहे. मले नको शिकवू."

"मैं कहाँ सिखा रहा हूँ? मिल की मशीन में जियादा तेल नीचे टपक जाता है. इसमें टपकेगा कहाँ? इसमें तो जलता है. वही धुआँ है."

बेअरिंगखालचे तेलाचे ट्रे मारोतरावांना दिसले, शिफ्ट संपताना भरलेले. ते ट्रे त्यांनीच किती वेळा उपसले होते. पण स्कूटरला असा ट्रे कुठे आहे, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कधी आला नव्हता.

"तिले कोणं सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"मैंने. शुरू में, आम्रपाली के आने से पहले, एक बार फेल हुई थी गाड़ी. काकी पूछने लगी, इसका इलाज क्या है. मैंने कहा, कका को बोलो तेल कम डालें. तो हँसने लगी. बोली, वो नहीं होगा. तू गाड़ी ठीक कर, आदमी को रहने दे."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. हिरालाल पुढेही काही बोलला, पण मारोतरावांचं लक्ष राहिलं नाही. इतकी वर्षं रंभा हेल्मेट खुंटीला लावून म्हणत होती, तुमच्या हातची गाडी आहे. आणि ते स्वतः तोंड वर करून मिलच्या कँटीनमध्ये सांगत होते की आपली स्कूटर एका दमात पास होते. म्हणजे रंभा मनात हसत असेल का? की या हिरालालसोबत बसून हसत असेल? दोघांना ठाऊक, समोरच्या पोरीला ठाऊक, फक्त तेल टाकणाऱ्याला ठाऊक नाही. सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? ते चिडले असते. दोन दिवस बोलले नसते. जेवणाच्या ताटावर नाक मुरडलं असतं. मग ऐकलं असतंच ना? की नसतं ऐकलं? हे तिला विचारायला हवं होतं. घरी जाऊन, चपला न काढता, तिथेच स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारायला हवं होतं.

"तू तरी सांगाचं होतं मले," ते हिरालालला म्हणाले.

"आप कभी आए ही नहीं, कका."

ते खरं होतं.

"खोल," मारोतराव म्हणाले आणि पुन्हा स्टुलावर बसले. "जे करत होता ते कर."

हिरालालने टंकी रिकामी केली. डब्यात पडलेलं पेट्रोल निळसर आणि जाड दिसत होतं. सायलेन्सर काढून त्याने भट्टीत धरला, तेव्हा आतून काळा चिकट गाळ गळून खाली पडला आणि पेटला. त्याचा वास मारोतरावांना ओळखीचा होता. रंभाच्या शालीला हा वास यायचा. ती शाल वाळत घालताना कुरकुर करायची, आणि मारोतराव म्हणायचे, रस्त्यावर ट्रकच किती आहेत.

नवीन पेट्रोल आलं. हिरालालने तेलाची बाटली आणि माप मारोतरावांच्या पुढे केलं. "आप ही डालो."

मारोतरावांनी माप भरलं आणि ओतलं. हात परत बाटलीकडे गेला. तो त्यांनी नेला नव्हता, आपोआप गेला. हिरालाल नुसता पाहत राहिला. मारोतरावांनी बाटलीचं झाकण लावलं, घट्ट फिरवलं, आणि बाटली लांब, ताडपत्रीच्या खांबापाशी ठेवून आले. जवळ असती तर पुन्हा हात गेला असता.

"थोड़ा घुमा के लाओ. गरम होने दो, फिर जाना," हिरालाल म्हणाला.

ते प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टरांच्या बाजूने निघाले. स्कूटरचा आवाज वेगळा येत होता, कोरडा. आता जाम होईल, पुढच्या चौकात जाम होईल, या भीतीने त्यांचे हात हँडलवर आवळले होते. दर थोड्या वेळाने ते आरशात पाहत. मागे रस्ता दिसत होता, झाडं दिसत होती, मागून येणारा सायकलवाला दिसत होता. धूर नव्हता. एवढी वर्षं मागच्या सीटवर बसून त्यांनी एकदाही मान वळवून मागे पाहिलं नव्हतं. समोर रंभाची पाठ असायची, तेवढीच पाहायची सवय. गाडी जाम झाली नाही. मरोद्याच्या वळणावरून ते परत फिरले.

आम्रपालीने नळी घातली. मारोतराव कॉम्प्युटरकडे न पाहता तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"झाली, काका," ती म्हणाली. "आरामात झाली."

मग ती थोडी अडखळली. "एक ओटीपी लागन. गाडीसोबत जो नंबर जोडला आहे त्याच्यावर गेला. काकूंचा नंबर आहे."

मारोतरावांच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला. रंभाचा फोन. तो ते रोज चार्ज करून सोबत ठेवत होते. प्रफुल्लने विचारलं तेव्हा सांगितलं होतं, कोणाचा फोन आला तर. त्यांनी तो काढून आम्रपालीच्या हातात दिला, कारण चष्मा घरी राहिला होता. तिने आकडे वाचले, टाइप केले, आणि कागद निघाला. त्यावर स्कूटरच्या मागचा फोटो होता आणि नंबर होता. कागद घडी करताना त्यांनी विचारलं, "ती हसत होती का?"

"कोण?"

"काकू. इथं यायची तेव्हा. माह्याविषयी काही बोलून हसत होती का?"

आम्रपालीने विचार केला. "नाई, काका. त्यांले घाई राहायची नेहमी. तुमी घरी याच्या आधी पोचाचं आहे म्हणत."

मारोतरावांना याने बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चोरून केलेल्या कामालाच अशी घाई असते, असं त्यांच्या मनात आलं. मग आणखी असंही आलं की रंभा असती तर हे तोंडावर म्हणून टाकलं असतं, आणि तिने काय उत्तर दिलं असतं ते त्यांना बिलकुल सुचेना. चाळीस वर्षांच्या संसारात तिचं उत्तर सुचलं नाही असं पहिल्यांदाच होत होतं.

संध्याकाळी प्रफुल्ल ड्यूटीवरून आला. सर्टिफिकेट पाहून त्याला खरंच आनंद झाला. "अरे वा! कशी केली पास?"

"तेल कमी टाकलं."

"तुमी?"

"हो. मी."

प्रफुल्ल हात धुऊन आला, कपाटातून तो अर्ज काढला, आणि पेन उघडून बापासमोर ठेवला. "आता तं पास झाली ना बाबा. आता करा सही. उद्या मले सुट्टी आहे, दुर्गले जाऊन येऊ."

मारोतरावांनी पेन उचललं. निळ्या शाईतलं ते 'मृत' पाहिलं. आता सांगायला काही उरलं नव्हतं. गाडी पास झाली होती, आणि तेवढाच एक अडसर ते इतके दिवस पुढे करत आले होते.

"आज हात तेलाचे आहेत," ते म्हणाले. "कागद खराब होईन."

"धुऊन घ्या ना."

"धुतले. जात नाई हे लवकर."

प्रफुल्लने त्यांच्या हातांकडे पाहिलं. हात स्वच्छ होते. त्याने कागद उचलला आणि परत कपाटात ठेवला.

त्यानंतर दुर्गला जायचा दिवस प्रफुल्लने आणखी एकदा ठरवला आणि मारोतरावांनी तो मोडला. सर्टिफिकेट आहे. विमा आहे. टंकीत मापाचं तेल आहे. महिनाअखेर जवळ आली आहे. नाव बदलायच्या अर्जावर मारोतरावांनी अजून सही केलेली नाही.